एकशे अठ्ठ्याऐंशीवं पाणी

चंदनानं आपली वेणी आपल्या हातानं घातली, तो रविवार होता. मिरजेच्या घरात, कपाटाच्या आरशासमोर, सकाळी नऊच्या सुमाराला. अकरा वर्षांच्या मुलीनं वेणी घातली यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण मागच्या तीन वर्षांत चंदनाचे हात खांद्याच्या वर गेले नव्हते. पेड सारखे आले नव्हते, एक बाजू सैल होती, तरी रिबनची गाठ तिनंच मारली. तिची आई त्रिशला ओढणीचं टोक तोंडावर धरून दारातून बघत राहिली. दूध उतू गेल्याचा वास आला, तेव्हा कुठे ती स्वयंपाकघरात पळाली.

"आत्या, बघ. आईपेक्षा सरळ भांग पडलाय."

"भांग तिरका आहे," पद्मजा म्हणाली. "वेणी मात्र झकास."

"आमच्या अक्काला कौतुक करायला सांगू नकोस गं," बाहेरच्या खोलीतून पद्मजाचा भाऊ भरतेश ओरडला. "मी दहावीला ब्याण्णव टक्के आणले, तर म्हणाली, भूमितीत कुठं गेले?"

"गेले होतेच की," पद्मजा म्हणाली, आणि तिघंही हसली.

पद्मजा मगदूम छप्पन्न वर्षांची होती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत प्रथिनांच्या रचनांवर काम करण्यात तिचा जन्म गेला होता. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाची ही मुलगीच तिचं घर होती. चंदनाच्या स्नायूंमधल्या एका प्रथिनात जन्मापासून एक चूक होती. त्या चुकीमुळे प्रथिनाची घडी सैल पडायची आणि स्नायू हळूहळू निकामी होत जायचे. आधी खांदे, मग मान, शेवटी श्वास. देशात असे चौदा रुग्ण होते. हैदराबादच्या एका कंपनीनं त्यांच्यासाठी औषध तयार केलं, तेव्हा चंदनाचे कागद पद्मजानंच पाठवले, फोन केले, जुन्या ओळखी वापरल्या. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. ते द्यायला नर्स आली असती, पण चंदनाला आत्याच हवी असायची. म्हणून पद्मजा पंधरा दिवसांनी पुण्याहून यायची. आज पाचवं झालं होतं.

परतीच्या गाडीत तिनं डोळे मिटले तर तिला ती सैल वेणीच दिसत राहिली.

*

पेशीच्या आत कोरडं असं काही नसतं. प्रत्येक प्रथिनाभोवती पाण्याचे रेणू असतात. बहुतेक रेणू येतात, टेकतात, निघून जातात. काही मात्र ठरलेल्या जागी बसतात, आणि ते प्रथिन जगात कुठेही तपासलं तरी त्याच जागी सापडतात. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत शिरतो तो तिथे बसलेल्या पाण्याला उठवूनच. पाणी सुखानं बसलेलं असेल तर ते उठत नाही आणि औषध बाहेर राहतं. अवघडून बसलेलं असेल तर ते चटकन मोकळं होतं, आणि औषध त्या जागी घट्ट बसतं. त्यामुळे कुठे कुठे पाणी आहे आणि त्यातलं कुठलं अवघडलेलं आहे, हे ज्याला कळलं, त्याला औषध कळलं.

पूर्वी हे शोधायला प्रथिनाचे स्फटिक करावे लागत. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, ते कसे विखुरतात ते मोजायचं आणि त्यावरून रेणूचा नकाशा काढायचा. एका प्रथिनाला दोन-दोन वर्षं जात. मग 'झरा' आला. जगभरच्या प्रयोगशाळांनी पन्नास-साठ वर्षं जमा केलेले नकाशे या प्रोग्रॅमनं वाचले, आणि कुठलंही नवं प्रथिन दिलं की त्याच्याभोवतीचं पाणी तो दोन मिनिटांत दाखवू लागला. त्याचा अंदाज इतका बरोबर येई की हळूहळू स्फटिक करणंच थांबलं. पद्मजाच्या संस्थेतलं क्ष-किरणांचं यंत्र चार वर्षांपूर्वी भंगारात गेलं. वीसपेक्षा कमी रुग्ण असलेल्या आजारांसाठी तर 'झरा'चा नकाशा आणि एका जाणकाराची सही एवढ्यावर औषध थेट रुग्णापर्यंत जाऊ लागलं. अशा नकाशांवर सही करणं हेच आता पद्मजाचं काम होतं. भाचीच्या औषधाची फाइल अर्थातच दुसऱ्या कुणाच्या सहीनं गेली होती. नियम तसा होता, आणि तो तिनं पाळला होता.

ती फाइल तिच्याकडे आली पुढच्या मंगळवारी, वेगळ्याच कारणानं. चौदांपैकी दोन मुलं गेली होती. एक इंदूरचा मुलगा, एक कोइमतूरची मुलगी. दोघांची उपचारांना सुरुवात चंदनाच्या आधी तीन महिने झाली होती. दोघांचे हात वर गेले होते, इंदूरचा मुलगा तर सायकल चालवू लागला होता. मग एके दिवशी हृदय थांबलं. 'मूळ आजाराची अपेक्षित गुंतागुंत' असं कंपनीनं लिहिलं होतं. सगळ्या सही करणाऱ्यांना माहितीसाठी प्रत पाठवली होती.

पद्मजानं चहा बाजूला ठेवला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. या आजारात हृदय शेवटी जातं, श्वासाच्याही नंतर. हे तिला पाठ होतं. एकविसाव्या पानावर ती थांबली.

'औषधाची पकड मुख्यतः पाणी क्रमांक १८८ हटवल्यामुळे येते. हे पाणी अतिशय अवघडलेलं आहे.'

क्रमांक मूळ नकाशातलाच ठेवलेला होता. खाली संदर्भ होता: मूळ नकाशा, प. मगदूम आणि वि. सबनीस, २०१३.

*

डॉ. सबनीसांच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. नकाशा जगाच्या स्वाधीन करण्याआधी विद्यार्थ्यानं त्यातलं एक-एक पाणी सरांना वाचून दाखवायचं. सर खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसत. म्हणत, स्क्रीन बघितली की मन फसतं, आकडा ऐकला की फसत नाही. विद्यार्थी वाचायचा: क्रमांक, शेजारी कोण, अंतर किती. सर विचारायचे, "दुसऱ्यात?" म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र स्फटिकातही हे पाणी तिथेच, तेवढ्याच अंतरावर आहे का. उत्तर ऐकून ते एकच शब्द बोलायचे: "ठेव" किंवा "काढ". विद्यार्थी रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे लिहायचा. इतर प्रयोगशाळांतली मुलं या पद्धतीला 'सबनीसांचं पारायण' म्हणून हसायची. पण सबनीसांच्या पाण्याला जगात मान होता.

या वाचनाला कारण होतं. क्ष-किरणांना दिसतात ते फक्त इलेक्ट्रॉन. पाण्याच्या रेणूत दहा इलेक्ट्रॉन असतात. सोडियमच्या आयनातही दहाच. नकाशात दोघांचा ठिपका हुबेहूब सारखा दिसतो. फरक पडतो तो अंतरात. पाणी शेजाऱ्यापासून साधारण दोन पॉइंट आठ एककांवर बसतं, सोडियम जवळ ओढून बसतो, दोन पॉइंट चारवर. आणि दोघांच्या कामात तर जमीन-अस्मानाचं अंतर. पाणी उठवलं तरी चालतं. सोडियम पुष्कळदा प्रथिनाच्या दोन भागांना धरून ठेवणारी खीळ असतो. बिजागरीतली खीळ काढली तरी दार काही दिवस उघडतं, मिटतं. मग निखळतं.

पद्मजाचा नकाशा वाचायचा होता त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. जैनांच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. पद्मजा सत्तावीस वर्षांची होती आणि आईला शब्द दिल्याप्रमाणे फक्त पाण्यावर उपवास करत होती. पाणी म्हणजे दुहेरी कापडातून गाळलेलं, उकळलेलं, हॉस्टेलच्या खोलीत तांब्यात झाकून ठेवलेलं. तेही सूर्य असेपर्यंतच. सकाळी सातला ती ते प्यायली होती. दुपारी दोनला वाचन सुरू झालं. दोनशे एकतीस पाणी होती. सर घाई करणाऱ्यातले नव्हते. सहा वाजता खिडकीतलं ऊन पिवळं झालं, तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटत होती. साडेसहाला सूर्य मावळणार होता. हॉस्टेल पंधरा मिनिटांच्या वाटेवर होतं. आता निघालं नाही तर पाणी थेट उद्या सकाळी.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," तिनं वाचलं. "दोन पॉइंट सात."

"दुसऱ्यात?"

दुसऱ्या स्फटिकाचा नकाशा जास्त स्पष्ट होता. त्यात लिहिलं होतं दोन पॉइंट चार. शेजारी चार असायला हवे, तिथे पाच होते. तिला कळलं नाही असं नाही. पण हा आकडा उच्चारला असता तर सर डोळे उघडणार, खुर्ची पुढे ओढणार, आणि मग तास-दीड तास तरी उठणं नाही. कदाचित पुन्हा स्फटिक करायला लागणार. एका पाण्यानं काय होतं, असं तिच्या मनात आलं.

"दोन पॉइंट सात," ती म्हणाली.

"ठेव."

रजिस्टरमध्ये तिनं दोन्ही रकान्यांत २.७ लिहिलं. उरलेली त्रेचाळीस पाणी सकाळी वाचू म्हणून सरांनीच तिला सोडलं. खोलीवर पोचली तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता. तांब्यातलं ते पाणी इतकं गोड लागलं की त्याची चव ती पुढे कित्येक वर्षं विसरली नाही. त्याआधी सरांना सांगितलेलं वाक्य मात्र वर्षभरात विसरली.

*

इंद्रनील भालेराव एके काळी तिचा विद्यार्थी होता. आता तो हैदराबादच्या त्या कंपनीत मुख्य शास्त्रज्ञ होता. पडद्यावर तो आला तो हसतच.

"मॅडम! कशी आहे चंदना? तिचा वेणीचा व्हिडिओ आम्ही सगळ्या ऑफिसला दाखवला."

तिनं त्याला सगळं सांगितलं. तांब्यासकट.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "त्या जागी पाणी दाखवणारे सहाशे चाळीस नकाशे आहेत."

"ते कुणी काढले, बघ. पहिल्या तीस जणांनी माझा नकाशा समोर ठेवून सुरुवात केली. माझं पाणी त्यांनी उचललं. उरलेले 'झरा'नं काढलेत. आणि 'झरा' त्या तिसांवर शिकला."

"त्यात अजून एक आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "सबनीस सरांच्या नकाशांना 'झरा'त दसपट वजन दिलंय. हातानं वाचून तपासलेली पाणी म्हणून. मीच सुचवलं होतं ते."

तो खाली बघून काहीतरी टाइप करू लागला.

"मी आत्ताच विचारलं त्याला," इंद्रनील म्हणाला. "सोडियमची शक्यता, शून्य पॉइंट तीन टक्के. दुसऱ्या स्फटिकाचा डेटा आहे तुमच्याकडे?"

"डिस्क आहे. चालत नाही."

"रजिस्टर?"

"रजिस्टरमध्ये मी खोटं लिहिलंय, इंद्रनील. तेच तर सांगतेय."

"मग मी काय दाखवू, मॅडम? कुणाला दाखवू? समजा मी औषध थांबवलं. बारा मुलांच्या आई-बापांना काय सांगू? आमच्या मॅडमना आठवलं म्हणून?" त्याचा आवाज चढला होता. त्यानं तो सावरला. "सोडियम धरून नवं औषध करायचं तर दीड वर्षं. तेही 'झरा'नं सोडियम मान्य केला तर. तुम्ही दुरुस्तीचा अर्ज करा. मी आतून जमेल ते करतो."

तिनं अर्ज केला. नकाशांच्या जागतिक संग्रहाकडून चाळीस सेकंदांत उत्तर आलं. दुरुस्ती पडताळणीसाठी 'झरा'कडे पाठवली होती. 'झरा'नं ती नाकारली होती.

डिस्क तिनं शहरातल्या दोन दुकानांत नेली. दुसऱ्या दुकानातल्या बाईनं ती कानाजवळ धरून हलवली आणि परत दिली. "आत सगळं खरवडलंय, काकू. काय होतं, फोटो?" पद्मजानं मान हलवली. जपानातल्या एका प्रयोगशाळेत अजून स्फटिक करत होते. त्यांनी सभ्यपणे कळवलं की नंबर नऊ महिन्यांनी लागेल.

इंदूरचा मुलगा सहाव्या महिन्यात गेला होता. चंदनाचा तिसरा चालू होता.

*

सहाव्या इंजेक्शनच्या रविवारी ती मिरजेला पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. भरतेशचं ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांचं दुकान रविवारी बंद असायचं. तो बनियनवर बसून कलिंगड कापत होता.

"आलीस? बस. चेहरा का असा? पुण्यात जेवायला मिळत नाही काय?"

त्रिशला शुद्धीकरण यंत्राच्या तोटीला बांधलेलं दुहेरी कापड सोडून, उलटं करून, टाकीच्या पाण्यात खळबळून घेत होती. यंत्रातून आलेलं पाणीही ती गाळायची. यावरून भरतेश तिला रोज चिडवायचा. कापडात जे अडकलं, ते जिथून आलं तिथेच सोडायचं, ही या घराची रीत. पद्मजाच्या आईनं ती सुनेला शिकवली होती.

"चंदना कुठाय?"

"शेजारी. येईल. तिला आता हात वर करून घंटी वाजवायची असते, म्हणून दिवसातून चारदा जाते," त्रिशला हसून म्हणाली. "अक्का, औषध बाहेर काढून ठेवलंय हं थंड पेटीतून. सहाच्या आत द्यायला लागेल. नंतर वाया जाईल म्हणतात."

पद्मजानं दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. प्रथिन, पाणी, सोडियम, खीळ. साध्या शब्दांत सांगितलं, कारण तिनं ते गाडीत पाच वेळा मनात बोलून पाहिलं होतं. मग ती दोन मुलं. मग अनंत चतुर्दशी.

कलिंगडाच्या फोडीवर माशी बसली होती. भरतेशनं ती उडवली नाही.

"तुला हे नक्की आठवतंय, अक्का? एकोणतीस वर्षं झाली."

"नक्की."

"त्या वहीत काय आहे?"

"दोन पॉइंट सात."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे तुझ्या अक्षरात एक आणि तुझ्या तोंडात एक." तो उठून उभा राहिला. "आणि ते मशीन? ज्याच्याबद्दल तूच मला सहा महिने सांगत होतीस, भरतेश, घाबरू नकोस, ते चुकत नाही, ते काय म्हणतंय?"

"पाणी."

"सगळे पाणी म्हणतात. वही पाणी म्हणते. तू एकटी मीठ म्हणतीस."

"भरतेश, मी एकटीच तिथं होते."

"होतीस की. आणि खोटं बोललीस. एक तांब्या पाण्यासाठी बोललीस!" त्याचा आवाज फाटला. "मग आज खरं बोलायलीस हे मी कशावरून धरू?"

त्रिशलानं ओल्या कापडाची घडी मांडीवर घातली होती आणि ती घडी ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"अक्का, बंद केलं तर?"

"दीड-दोन महिन्यांत हात खाली येतील. मग मान. श्वास... वर्षभर. फार तर दोन."

"आणि चालू ठेवलं तर?"

"हृदय. कधी, ते सांगता येत नाही. तीन महिने, सहा. सगळ्यांनाच तसं होईल असंही छातीठोक सांगता येत नाही."

"मग एका बाजूला नक्की आहे," त्रिशला म्हणाली, "आणि एका बाजूला तुम्हाला वाटतं ते."

"हो."

"तुमची मुलगी असती तर?"

पद्मजाला म्हणायचं होतं, माझीच आहे. तिनं म्हटलं, "बंद केलं असतं."

"आणि तिला काय सांगितलं असतं? हात का खाली आले म्हणून?"

दारात चप्पल काढल्याचा आवाज झाला. चंदना कधीपासून उभी होती कोण जाणे. केसांच्या आज दोन वेण्या होत्या.

"आत्या, सोडियम म्हणजे मीठच ना?"

"मिठात असतो."

"मग मी मीठ जास्त खाल्लं तर? म्हणजे एक निघाला तर दुसरा येऊन बसेल."

पद्मजानं तिला जवळ ओढलं. कुणा विद्यार्थ्यानं इतका सरळ प्रश्न विचारला असता तर तिला आनंद झाला असता.

"सोडियम भरपूर आहे गं तुझ्यात. जागा नाहीये. त्याच्या जागेवर औषध बसलंय."

"आणि ते उठलं तर हात परत तसे."

"हो."

"मग तर अवघडच आहे," चंदना मोठ्या माणसासारखी म्हणाली आणि कलिंगडाची फोड उचलून खाऊ लागली.

*

साडेपाच वाजले. खिडकीतून ऊन कपाटाच्या आरशावर आलं. औषधाचा डबा देवघराजवळच्या फळीवर होता. त्यात दोन छोट्या बाटल्या: एकीत पांढरी पावडर, दुसरीत ती विरघळवायचं शुद्ध पाणी.

अखेर भरतेश बोलला तो भिंतीकडे बघून. "दे, अक्का. आम्ही ठरवलंय."

"तुम्ही बोललात कधी?"

"बोलायला काय लागतंय?" तो म्हणाला. त्रिशलानं मान खाली घातली, आणि तशीच हलवली.

पद्मजानं हात धुतले. फळीवरचा डबा घेऊन बसली. तिची पाठ खोलीकडे होती. मागे भरतेश भिंतीला टेकून, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणू लागला. प्रत्येक वेळी इंजेक्शन देताना तो तसंच करायचा. पण आज तिला त्या मिटल्या डोळ्यांकडे वळून बघावंसं वाटलं, आणि तिनं बघितलं. मान मागे, हात मांडीवर. सबनीस सर असेच बसायचे.

तिनं सिरिंजमध्ये पाणी ओढलं. साधं पाणी आणि तयार औषध, दोन्ही रंगानं सारखी. पावडर विरघळली तरी पाणी पाण्यासारखंच दिसायचं. पावडरची बाटली तिला मुठीत लपवता आली असती. नुसतं पाणी टोचलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आज नाही, पंधरा दिवसांनी नाही. दीड महिन्यानं हात खाली आले असते, औषधाचा गुण गेला म्हणून सगळे रडले असते, आणि हृदय वाचलं असतं. वर्षभर. फार तर दोन. जिथे पाणी नाही तिथे पाणी ठेवायचं. तिला ते येत होतं. एकदा तिनं केलं होतं.

"आत्या, विरघळलं का? ऊन चाललं."

ऊन आरशावरून भिंतीवर सरकलं होतं. तिची जीभ टाळ्याला चिकटली होती.

तिनं सुई पावडरच्या बाटलीत घातली, पाणी आत सोडलं, आणि बाटली तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवत राहिली. फेस येऊ द्यायचा नसतो. शेवटचा कण जाईपर्यंत ती उजेडाकडे धरून बघत होती.

"विरघळलं," ती म्हणाली. ते खरं होतं.

"किती भरलंयस?" भरतेशनं डोळे न उघडता विचारलं. असं त्यानं याआधी कधी विचारलं नव्हतं.

"एक पूर्ण."

"बघून सांगतीस ना?"

"बघून सांगते."

चंदनानं बाही वर केली. कुणी न सांगता हात सरळ वर उचलला आणि आरशातल्या स्वतःकडे बघून बोटं हलवली, घंटी वाजवताना हलवावी तशी. पद्मजानं दंडाचं कातडं चिमटीत धरलं. चंदना डोळे मिटून घ्यायची, पण आज तिनं ते उघडे ठेवले आणि सुई आत जाताना बघितली.

"दुखलं?"

"नाही," चंदना म्हणाली. "मी सगळं बघितलं."

पद्मजानं कापूस दाबून धरला. बोटांखाली मुलीची नाडी लागत होती. ती मोजायची नाही असं तिनं ठरवलं होतं. तरी ती मोजू लागली. मागे त्रिशलानं गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणून तिच्याजवळ ठेवला. "घ्या, अक्का. सूर्य आहे अजून."

पद्मजानं तांब्याकडे बघितलं. मग पुन्हा मोजायला लागली, एकपासून.